मॅट काळी, फोटो काळी

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काउंटरवर तळहात पसरला तेव्हा त्याला आधी वाटलं, बाई काहीतरी मागताहेत. पावती, किंवा उरलेला कागद. मग त्यानं चष्मा नाकावर सारला. तळहात काळा होता. नुसता मळलेला नव्हे. मधोमध गडद, कडांना विरत गेलेला, बोटांच्या पेरांवर एकसारखा बसलेला काळा. अख्खी उमर काळ्यात काढलेल्या माणसाला तो ओळखायला काय वेळ लागणार? मॅट काळी, तो मनाशी म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हणालो. बाईंनी दुसऱ्या हातानं पिशवीतून फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यांच्या वडिलांचा, चाळिशीतला, दाट केसांचा. चार दिवसांपूर्वी त्यानंच छापलेला आणि पातळ कागदात गुंडाळून दिलेला. आता वडिलांचे केस कपाळावरून ओघळून उजव्या डोळ्यात आले होते आणि केसांच्या जागी फिकट करडा पट्टा उरला होता. "मी केस सारखे केले," बाई म्हणाल्या. "त्यांचे केस असे पुढे यायचे, मी मागे करायची. सवयीनं हात गेला." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, चढ्या आवाजाला उत्तर देणं त्याला येत होतं. "आज पाचला घरी माणसं यायचीत त्यांच्यासाठी. तोवर दुसरा होईल का?" होईल, तो म्हणाला. बाई दारापर्यंत गेल्या आणि तिथून, जाता जाता आठवल्यासारखं, म्हणाल्या, "त्या दिवशी मॅडम नव्हत्या का?" "नव्हती. बहिणीकडे गेलीय. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं." "तरीच," बाई म्हणाल्या, आणि दार ओढून घेऊन गेल्या.

तरीच. तो फोटो घेऊन आतल्या खोलीत आला, खिडकीचा पडदा नेहमीप्रमाणे ओढलेलाच होता, आणि छपाईच्या यंत्राशेजारच्या उंच स्टुलावर बसला. आपल्या बायकोचा आणि ह्या काळ्या हाताचा संबंध काय, हे त्याला उमगेना. ती बाहेर काउंटरवर बसायची, नावं लिहून घ्यायची, फोन उचलायची, चहा करायची. छापण्याशी तिचं काय देणंघेणं? छापायचा तो. लोक त्याला काळोबा म्हणायचे, आणि हे नाव त्याच्या रंगावरून पडलेलं नव्हतं. पस्तीस वर्षांत त्याच्या फोटोतला काळा कुणी नावाजला नाही असं झालं नव्हतं. आणि चूक तरी कसली, तर पोरकट. फोटोग्राफरांच्या मंडळात नवशिक्यांपुढे बोलताना तो हीच चूक हसत हसत सांगायचा. यंत्रात काळ्या शाया दोन, कागदाच्या जाती दोन, आणि गाढव एक, असं म्हटलं की पहिली रांग हसायची. मॅट काळी जाड. तिला मुरायला सुती, न चकाकणारा कागद लागतो. चकचकीत कागदावर किंवा सॅटिनवर, म्हणजे जो अगदी किंचितच चकाकतो त्याच्यावर, लेप असतो. त्या लेपात फोटो काळी शिरते आणि घट्ट बसते. मॅट काळी तिथं शिरतच नाही, काजळीसारखी वर बसून राहते. दिसायला ठीक दिसते, उलट थोडी जास्तच भरदार, पण हात लागला की गेली. आणि फोटो काळी सुती कागदावर दिली तर पार बुडते, काळ्याची राख होते. यंत्राला कागदाचं नाव सांगितलं की ते आपली आपण काळी निवडतं. म्हणजे चूक यंत्राची असूच शकत नाही. यंत्राला जो कागदाचं नाव सांगतो त्याची चूक. आणि ते नाव ह्या खोलीत एकच माणूस सांगायचा.

त्यानं फोटोचा एक कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरला. सुती आहे, बोटं म्हणाली. मऊ, कोरडा, सुती. चार दिवसांपूर्वीही बोटं हेच म्हणाली असणार. पण डॉक्टरीणबाईंचा तळहात सांगत होता की हे सॅटिन आहे, आणि तळहाताला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्यानं पुन्हा चोळून बघितलं. सुती. कागदाच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या त्यानं कधी वाचल्या नव्हत्या. कागद आले की तो खोकी फेकून द्यायचा आणि गठ्ठे पोलादी कपाटाच्या सपाट खणांत ठेवायचा. खणांनाही नावं नव्हती. "निदान एक एक अक्षर तरी लिहा हो वर," बायको म्हणायची. त्यावर तो दोन्ही हात तिच्या नाकासमोर धरायचा. त्याला शिकवलं आबांनी, ज्यांच्या फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत तो एकोणिसाव्या वर्षी शिरला तो त्यांचे डोळे मिटेपर्यंत बाहेर आला नव्हता. तिथं कागद दिसायचाच नाही. कुठली बाजू लेपाची हे कळायला आबा कोपरा ओठांना लावायचे. जी बाजू ओठाला चिकटते ती बरोबर. पुढे पुढे ओठही नको झाला, बोटच सांगायचं. काळ बदलला, टाक्या आणि औषधं गेली, संगणक आला, यंत्र आलं, पण खोलीचा पडदा त्यानं तसाच ठेवला. संगणकावरचे रंग नीट दिसायला अंधारच बरा, असं तो लोकांना सांगायचा आणि ते खरंही होतं. पण मनातून त्याला कागद उजेडात तिरपा धरून बघणाऱ्यांची कीव यायची. डोळ्यांनी काय, कुणीही बघेल.

त्या दिवशी आपण यंत्राला कुठला कागद सांगितला होता, ते बघायला त्यानं संगणकावर झालेल्या कामांची यादी उघडली. ही यादी त्यानं याआधी उघडलीच नव्हती. झालेलं काम बघून करायचंय काय? तारीख, वेळ, कामाचं नाव, कागद, आणि शेवटी ‘पूर्ण’ किंवा ‘रद्द’. डॉक्टरीणबाईंचे वडील, सुती कागद, मॅट काळी, पूर्ण. झालं, गाढव सापडलं. तो यादी मिटणार होता. पण नजर खाली घसरली आणि बायको गेली त्याच्या आदल्या दिवसावर अडकली. एका नवरीमुलीचा फोटो, चार वाजून दहा मिनिटं, सुती, रद्द. त्याच्याखाली तोच फोटो, चार वाजून बारा मिनिटं, सॅटिन, पूर्ण. त्यानं काही रद्द केल्याचं त्याला आठवत नव्हतं. आपल्याला आठवत नाही म्हणजे यंत्रानंच काहीतरी केलं असेल, असं म्हणून तो आणखी खाली गेला. एका कुत्र्याचा फोटो, फोटो काळी, रद्द. तोच कुत्रा, तीन मिनिटांनी, मॅट काळी, पूर्ण. मध्ये दहाबारा कामं सरळ. मग पुन्हा एक जोडी. पुन्हा एक. पहिली ओळ त्याची आहे एवढं त्याला कळत होतं. दुसरी कुणाची, ह्या प्रश्नापाशी मन बैलासारखं अडून बसलं होतं.

तो उठून शेजारी चौकटवाल्याकडे गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. खोलीत बसवेना एवढंच. चौकटवाला काच पुसत होता. पंधरा वर्षांचा शेजार, फोटो इथं छापायचा आणि तिथं चौकटीत बसवायचा असा रिवाज. "वहिनी कधी येतायत?" त्यानं मान वर न करता विचारलं. "आज दुपारी." "मग सुटलो. आठवडाभर लोकांना थोपवून थोपवून माझी जीभ झिजली." "कुठल्या लोकांना?" चौकटवाल्याचा काचेवर फिरणारा हात थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो फडक्याची घडी घालायला लागला, आणि त्या माणसानं फडक्याची घडी आजवर कधी घातली नव्हती. "नाही म्हणजे, वहिनी म्हणाल्या होत्या, मी नसताना त्यांच्यावर कामाचा भार नको, कुणी आलं तर पुढच्या आठवड्यात या म्हणावं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न येता थेट तुमच्याकडे आल्या. त्यांना सांगायचं राहिलं." "भार नको म्हणाली?" "तसंच काहीतरी." "तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला. काय ठाऊक होतं ते त्यानं विचारलं नाही, आणि काय ते चौकटवाल्यानंही विचारलं नाही. "काळोबा, बसा जरा," तो एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जी माया होती तिनं त्याला थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हणजे हे नऊ दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही ते धंदा थंडावला म्हणून नव्हे. त्याला कुलूप लावून ठेवलं होतं, आणि किल्ली शेजारी ठेवून ती गेली होती.

परत येऊन त्यानं यादी पार तळापासून वाचली. आता त्याला थांबता येत नव्हतं; दुखरा दात जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपावा तसं झालं होतं. पहिली जोडी दोन वर्षांपूर्वीची. त्याच महिन्यात मुलगी नोकरीसाठी लांब गेली होती आणि बायको म्हणाली होती, घरी एकटीला खायला उठतं, मीही दुकानात येऊन बसत जाईन. त्यानं मोठ्या मनानं ये म्हटलं होतं. आपण मोठं मन केलं असं त्याला दोन वर्षं वाटत आलं होतं. मग एकेक जोडीबरोबर एकेक दिवस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहायला लागला आणि प्रत्येक दिवशी ती त्याला खोलीबाहेर पाठवत होती. "अहो, बाहेर कुणीतरी आलंय बघा." बाहेर कुणी नसायचं. गेला वाटतं, ती म्हणायची. "अहो, हात धुऊन या, चहा ओतलाय." "मुलीचा फोन आहे, बाहेर जाऊन बोला, इथं नीट ऐकू येत नाही." तो यायचा तोवर यंत्र कुरकुर करत कागद ओढत असायचं, आणि ती खिडकीपाशी पाठमोरी उभी, पडद्याचा कोपरा किंचित सरकलेला. "पडदा ओढ, रंग बिघडतात," तो खेकसायचा. "ओढते," ती म्हणायची. त्या किंचित सरकलेल्या पडद्यातून ती काय बघत होती? रस्ता बघत असेल असं त्याला वाटायचं. बायका बघतात रस्ता. किती गाढवासारखं वाटलं होतं त्याला ते, आणि किती निर्धास्त. आपल्याच घरात आपल्याला कुणी रोज कुशीवर वळवून झोपवत असावं आणि आपण म्हणावं, मला काय गाढ झोप लागते, असलाच हा प्रकार होता.

साठाव्या जोडीला त्यानं मोजणं सोडलं. पण एक नाव दिसलं आणि तिथं तो खिळला. वाचनालयाच्या दालनात लावलेला तो मोठा फोटो. दाराच्या अंधारात बसलेला चपला शिवणारा म्हातारा, ज्याचे फक्त हात आणि अर्धा गाल उजेडात होते. बाकी सगळा काळा. त्या काळ्यासाठी माणसं लांबून यायची. त्या काळ्यात दुसरा काळा दिसतो, आणि त्यात तिसरा, असं कुणीतरी लिहिलं होतं आणि ते कात्रण त्याच्या पाकिटात होतं. तो फोटो लावला त्या दिवशी त्याला चार शब्द बोलायला सांगितलं, तर तो अर्धा तास बोलला. काळा आणायचा नसतो, काळ्याला यायला जागा द्यायची असते, असली काहीतरी भाषा केली. बायको तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिनं निळी साडी नेसली होती. आता यादीत लिहिलं होतं: म्हातारा, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं, फोटो काळी, रद्द. म्हातारा, अकरा वाजून एकवीस मिनिटं, मॅट काळी, पूर्ण. आणि कागदाचं नाव तर सगळ्यात जाड सुतीचं. सोळा मिनिटं. त्या सकाळी ती म्हणाली होती, कोपऱ्यावरून दूध घेऊन या, संपलंय. तो दूध आणायला गेला होता. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम झालं तेव्हा तो दुधाच्या रांगेत उभा होता.

त्याला राग आला नाही असं नाही. राग इतका आला की त्यानं उभं राहून पडदा ओढून टाकला, चार कड्या निखळल्या, आणि पस्तीस वर्षं न पाहिलेला उजेड खोलीत आला. खोली लहान होती. भिंतीला पोपडे होते. रागातून वाट काढायची एकच आशा होती, ती म्हणजे ती चुकली असली पाहिजे. बायकांचा वहम, काहीतरी डोक्यात घेतलं असेल आणि बदलत सुटली असेल. डॉक्टरीणबाईंचा तळहात त्याला आठवला तरी त्यानं तो बाजूला सारला. कालच आलेली दोन बंद खोकी कोपऱ्यात पडली होती. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोक्यावरचं नाव वाचलं. एकातून पाच सुती काढले, दुसऱ्यातून पाच सॅटिन, मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या, डोळे मिटले आणि दहाही कागद पिसले. मग एकेक उचलून, अंगठ्यानं विचारून, डावीकडे सुती आणि उजवीकडे सॅटिन असे ठेवत गेला. बोटं अजिबात अडखळली नाहीत. बोटांना एवढी खात्री होती की त्याचा जीव भांड्यात पडला. अर्ध्यावर तर तो मनातल्या मनात बायकोला सुनवायलाही लागला होता. डोळे उघडून त्यानं गठ्ठे पालथे केले. डाव्या गठ्ठ्यात तीन सुती, दोन सॅटिन. उजव्यात तीन सॅटिन, दोन सुती. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. त्यानं पुन्हा पिसले, पुन्हा लावले. ह्या वेळी आणखी वाईट. त्यानं आबांसारखा कोपरा ओठाला लावला. दोन्हीही चिकटले, लेप दोघांनाही होता, फक्त वेगळा. मग त्यानं टेबलावरची टाचणी उचलली आणि अंगठ्याच्या पेरात खुपसली. रक्ताचा लहानसा थेंब वर आला. तो थेंबाकडे बघत राहिला, कारण रक्त आलं ते त्याला फक्त दिसलं होतं.

कुणी काही हिरावून नेलं असतं तर आवाज तरी झाला असता. इथं बोटं गेली होती आणि जाताना त्यांनी सांगितलंही नव्हतं. उलट ती रोज त्याला धडधडीत उत्तरं देत राहिली, हा सुती, हा सॅटिन, आणि तो ती उत्तरं घेऊन जगत राहिला. औषधांच्या टाक्यांत आबांचे हात सोलवटून निघायचे, ते म्हणायचे हातमोजे घाल, आणि हा म्हणायचा, मोज्यातून कागद कळत नाही. म्हणजे हे बीज तेव्हाचं. तो स्टुलावर बसून होता. बाहेर रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली, कुणी हसलं. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती, की आता ही खोली आपली नाही. हिच्याबाहेर त्याला काही येत नव्हतं. स्वयंपाक येत नव्हता, गप्पा येत नव्हत्या, मुलीशी फोनवर दोन मिनिटांपलीकडे काय बोलायचं तेही कळत नव्हतं. काळोबातला काळा काढला तर खाली काय राहतं, ह्याचा त्याला अंदाज येईना, आणि तो तिथंच तसाच बसला असताना पुढचं दार उघडलं आणि बायकोची पिशवी काउंटरवर टेकल्याचा आवाज आला.

ती आत आली आणि दारातच थबकली. उघडी खिडकी, लोंबणारा पडदा, टेबलावर दोन गठ्ठे, डॉक्टरीणबाईंचे वडील, संगणकावर यादी. तिनं सगळं एकदा बघितलं. प्रवासानं तिचा चेहरा सुकला होता. "डॉक्टरीणबाईंचा का?" ती म्हणाली. "हो." "वाटेत भेटल्या त्या. त्यांच्याकडे आज पाचला माणसं यायचीत ना." "हो." त्यानं फार मोठं काहीतरी विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "कधीपासून?" "इस्त्रीपासून." त्याला इस्त्री आठवेना. "इस्त्री तापली का बघायला तुम्ही बोट लावलंत," ती म्हणाली, "आणि उचललंच नाहीत. बोलत होतात माझ्याशी. मला वास आला म्हणून मी हात ओढला तुमचा." आता आठवलं. वायर खराब आहे म्हणून त्यानं इस्त्रीच टाकून दिली होती आणि दुकानदाराशी भांडला होता. "मग सांगितलं का नाहीस?" "सांगितलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तीन वेळा. तुम्ही म्हणालात, माझ्या हातांना काय धाड भरलीये." तो असं म्हणाला होता. अगदी ह्याच शब्दांत म्हणाला होता.

"म्हणजे दोन वर्षं तू मला वेड्यात काढलंस," तो म्हणाला. "काढलं," ती म्हणाली. तिनं सफाई दिली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. निखळलेल्या कड्या वेचून तिनं खिडकीच्या फळीवर ठेवल्या. "दुसरं काय करायला हवं होतं? ह्या खोलीतून तुम्हाला बाहेर काढलं असतं तर तुम्ही जगला असता का? मला सांगा." त्यानं टेबलावरचे दोन्ही गठ्ठे उगाच एकत्र केले. "मी म्हटलं, मुलीकडे लक्ष द्यायला नको आता, तुमच्याकडे देते. आणि घरी मला करमतही नव्हतं, ते काही खोटं नव्हतं." "तुला कळायचं कसं?" "काय?" "कुठली काळी." ती जरा ओशाळली, जणू हीच काय ती चोरी तिनं केली होती. "उजेडात तिरपा धरायचा. चकाकला तर फोटो काळी, नाही चकाकला तर मॅट. बाकी तुम्ही दिवसभर बोलतच असता. ह्या कागदाला हे चालत नाही, त्या कागदाचा काळा असा दिसतो. तीस वर्षं ऐकतेय. दगडाला कळलं असतं." "आणि तो म्हातारा? वाचनालयातला?" हे विचारू नये असं त्याला विचारता विचारताच वाटत होतं. "तुम्ही चकचकीत घातला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हाताऱ्याला ते बरं दिसणार नाही. तो इतका दमलेला होता. म्हणून मी सगळ्यात जाड, सुती काढला. माझं मलाच ठाऊक नव्हतं बरोबर आहे का. घाबरत घाबरत केलं." आणि मग, त्याला बरं वाटावं म्हणून, "उजेड तर तुम्हीच ठेवला होतात त्याच्या गालावर." त्याला बरं वाटलं नाही. त्याला एवढंच दिसलं की तो अर्धा तास भाषण करत होता आणि ज्या बाईनं तो काळा घाबरत घाबरत आणला होता ती निळ्या साडीत टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या. तेच त्याला सहन झालं नाही.

साडेतीन वाजले होते. "छापायचाय ना?" बायको म्हणाली. त्यानं कपाटाचा खण उघडला, वरचा कागद काढला, आणि अंगठा कोपऱ्याकडे गेला; त्याला तो थांबवता आला नाही. सुती, बोटं म्हणाली. त्यानं तो कागद तिच्यापुढे धरला. ती खिडकीपाशी गेली, कागद तिरपा केला, एक डोळा बारीक केला. "सॅटिन. फोटो काळी," ती म्हणाली. मग ती त्याच्या स्टुलावर बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते; दोन वर्षं ती इथं उभ्यानंच, घाईघाईत, दारावर कान ठेवून हे करत आली होती. वडिलांचा फोटो संगणकावर आला, नीटनेटक्या केसांचा. तो तिच्या मागे उभा राहिला. बोट कुठं न्यायचं, कुठली यादी उघडायची, हे तिला येत होतं, पण आज तिनं दोनदा भलतंच उघडलं. "तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहू नका," ती म्हणाली. "चुकेन मी. बाहेर बसा जरा." ह्या वेळी तिनं गिऱ्हाइकाचं किंवा दुधाचं निमित्त काढलं नाही.

तो काउंटरवर तिच्या खुर्चीत येऊन बसला. तिची वही होती, तिचं पेन होतं. इथून रस्ता दिसत होता. आतून यंत्राची कुरकुर सुरू झाली. तो आवाज त्यानं आजवर असा भिंतीपलीकडे बसून ऐकला नव्हता. आत काय उमटतंय हे माहीत नसताना तो आवाज एखाद्या परक्या घरातल्यासारखा वाटत होता. कुरकुर थांबली. मग बराच वेळ काही नाही. वाळू देत असेल, त्याला वाटलं, आणि मग वाटलं, की रडत असेल. उठून बघावं असं वाटलं, पण तो उठला नाही. साडेचारच्या सुमाराला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी साडी बदलली होती. हात खूप घासून धुतलेला दिसत होता, तरी तळव्याच्या रेषांत काळं राहिलंच होतं. त्याच वेळी बायको आतून फोटो घेऊन आली, काउंटरवर अलगद ठेवला आणि लगेच आत वळली. वडील नीट होते. केस दाट, काळे, आणि त्या काळ्यात अजून एक काळा होता. तो बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, पण फोटोच्या जरा वरच थांबवला. "ह्या वेळी हात लावला तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. त्या त्याच्याकडे बघत होत्या. असल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं आयुष्यभर प्रश्न पुरा व्हायच्या आत दिलं होतं, आणि आताही त्याचं तोंड उघडलं, अंगठा फोटोच्या कोपऱ्याकडे निघाला. त्यानं तो मुठीत दाबून धरला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "आत विचारून सांगतो."